रणजित चौगुल्यांची तारीख

रणजित चौगुल्यांना तारीख नको होती. तपासणीआधी भरायच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एकीत लिहिलं होतं, 'माझी तारीख मला कळवावी' आणि दुसरीत, 'माझी तारीख माझ्या जवळच्या व्यक्तीस कळवावी'. उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देत त्यांनी दुसऱ्या चौकटीत कशीबशी खूण केली आणि फॉर्म बायकोकडे सरकवला.

"सामन्यात किती सेकंद राहिलेत, हे मी पोरींना कधी सांगत नाही," ते म्हणाले. "सांगितलं की त्या घड्याळाशी खेळायला लागतात."

सुवर्णानं सही केली.

रणजित अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या आंबेमाळ गावात ते बावीस वर्षं शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवत होते. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या बोटांतून मैदान आखायची फक्की सांडायला लागली. मग उजवा पाय ओढला जायला लागला, बोलताना शब्द जड व्हायला लागले. मे महिन्यात निदान झालं. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायू मुके होतात. औषधांनी वेग थोडा कमी होतो, एवढंच.

या आजारात माणूस बहुतेक वेळा श्वासानं जातो. फुप्फुसं आपण होऊन हलत नाहीत. त्यांच्याखाली घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. तो खाली सरकतो तेव्हा हवा आत येते. या पटलातही चेतापेशी मरत असतात. पण एक मेली की शेजारची तिचं काम अंगावर घेते. त्यामुळे नळीत फुंकर मारून करायच्या जुन्या चाचण्यांत बराच काळ सगळं ठीक दिसायचं. मग उरलेल्या पेशींवरचा भार असह्य व्हायचा आणि एखाद्या आठवड्यात सगळं कोसळायचं. डॉक्टरांना बातमी लागायची तोवर उशीर झालेला असायचा.

श्वासवेध या प्रणालीनं हे बदललं. तिचा एमआरआय इतक्या झपाट्यानं चित्रं टिपायचा की श्वासपटलातला एकेका चेतापेशीचा इलाखा वेगळा थरथरताना दिसायचा. जिवंत इलाखे किती, त्यांतले दुप्पट ओझं वाहणारे किती, हे मोजता यायचं. सहा-सहा आठवड्यांच्या अंतरानं अशा तीन तपासण्या झाल्या की हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदींवर शिकलेला संगणक एक तारीख द्यायचा. त्या दिवसापासून या माणसाला यंत्राच्या श्वासाशिवाय जगता येणार नाही. सहा दिवस अलीकडे किंवा सहा दिवस पलीकडे.

ऑक्टोबरच्या शेवटी तिसरी तपासणी झाल्यावर कोल्हापूरच्या श्वासवेध केंद्रातल्या डॉ. तस्नीम मुजावर यांनी सुवर्णाला आपल्या खोलीत बोलावलं. रणजित बाहेर खुर्चीवर बसून होते.

"नऊ मार्च," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ताई, यांचे गिळण्याचे स्नायू आधीच ढिले झालेत. तोंडावरचा मास्क चालणार नाही, लाळ श्वासनलिकेत जाईल. गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल. तारखेच्या आठवडाभर आधी शांतपणे केलं तर धोका फारसा नाही. ऐनवेळी घाईत केलं तर निम्मे पेशंट हाती लागत नाहीत."

"आवाज?"

"जाईल. आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. मग डोळ्यांनी अक्षरं निवडली की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल."

बाहेर आल्यावर रणजितनी तिच्याकडे बघून नजर दुसरीकडे वळवली. घरी येईपर्यंत ते ऊस कुठवर आलाय यावर बोलत राहिले.

सुवर्णा दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. अठरा वर्षं दुधातली फॅट मोजणं हे तिचं काम. आकडा पोटात ठेवून गप्प बसायची तिला सवय आहे असं तिला वाटत होतं. पण हा आकडा गप्प बसेना. ती कॅलेंडरचं पान उलटायचं टाळायला लागली. सकाळी चहा देताना हात आपोआप त्यांच्या पाठीवर जाऊन थांबायला लागला, पाठ किती वर येते ते बघायला.

डिसेंबरातल्या एका दुपारी रणजित अंगणात खाटेवर बसले होते. सुवर्णा शेंगा सोलत होती.

"तू माझ्याशी भांडत नाहीस," ते एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"दिवाळीपासून एकदाही नाही. परवा मी ओला टॉवेल गादीवर टाकला. मुद्दाम. तू गुमान उचललास." ते जरा थांबले, आता लांब वाक्याला त्यांना मध्ये थांबावं लागायचं. "फेब्रुवारीत शाळेच्या गॅदरिंगला जाऊया म्हटलं, तर लगेच हो म्हणालीस. पाडव्याला तुझ्या आईकडे जाऊया म्हटलं, तर शेंगा निवडायला लागलीस. चढाईला आलेल्या पोरीचे पाय बघून ती कुठं वळणार ते मी बावीस वर्षं ओळखतोय, सुवर्णा. मार्चात आहे ना?"

तिच्या हातातून शेंगा सांडल्या.

"कितीला?"

"नऊ," ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

रणजितनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "आता सांगितलंस तर भांड तरी."

जानेवारीत श्वास-साहाय्य मंडळानं यंत्रवाटपाची यादी जाहीर केली. यंत्रं कमी आणि रुग्ण जास्त, म्हणून ज्याची तारीख आधी त्याला यंत्र आधी. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून यादी सगळ्यांना बघायला खुली होती. तासाभरात ती गावातल्या प्रत्येक फोनवर पोचली.

मग माणसं यायला लागली. कुणी केळी घेऊन, कुणी नुसतंच. लांबच्या चुलत्यांनी आजवर न मारलेल्या गप्पा मारल्या. वाण्यानं मार्चचा किराणा लिहून घेताना विचारलं, "नेहमीएवढाच ना?" आणि स्वतःच जीभ चावली. शाळेनं एक मार्चपासून नवीन प्रशिक्षक नेमला. कुणी वाईट वागत नव्हतं. सगळे अतिशय चांगलं वागत होते, आणि रणजित अजून खाटेवर बसलेले असताना त्यांच्याबद्दल 'होते' म्हणून बोलायला लागले होते.

गळ्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्रात बोलावणं आलं. संमतिपत्रकाच्या मागे छापलं होतं, 'श्वासवेधची अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के'. सुवर्णानं ते दोनदा वाचलं.

"डॉक्टर, ही अचूकता कशी मोजता?"

"दिलेल्या तारखेच्या सहा दिवसांत यंत्र लागलं का, त्यावरून."

"आणि यंत्र लावायचं कधी, हे कशावरून ठरतं?"

डॉ. मुजावर यांनी पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे फॅटचं मशीन असतं," सुवर्णा म्हणाली. "ते बरोबर आहे का हे त्याच मशीनवर पुन्हा तपासून कळत नाही. एक सॅम्पल जुन्या पद्धतीनं, आम्ल घालून, हातानं करावं लागतं. तुम्ही तारीख देता. तारीख आली म्हणून यंत्र लावता. यंत्र लागलं म्हणून तारीख बरोबर होती असं लिहिता. मग ती चुकणार कशी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या थकलेल्या दिसत होत्या.

"पहिल्या वर्षी असं नव्हतं. तेव्हा आम्ही तारीख कुणाला सांगत नव्हतो, नुसती लिहून ठेवायचो. तेव्हा ती खरंच बरोबर यायची, बरेचदा. नंतर सांगायला लागलो, आणि मग तपासायला कुणी उरलंच नाही."

"कुणीच नाही?"

"आपल्या केंद्रात चारशे बारा जणांना तारखा दिल्या. नऊ जणांनी यंत्र नाकारलं. मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, ताई. पाच जण त्याच आठवड्यात गेले. एकाचा पत्ता नाही. तिघं पुढे जगले, यंत्राशिवाय. एक दोन महिने. एक पाच महिने. एक अजून आहे, चौदा महिने झाले."

"म्हणजे चुकते."

"म्हणजे कुणाची चुकेल ते मला माहीत नाही."

घरी आल्यावर सुवर्णानं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांची मुलगी ईश्वरी, सतरा वर्षांची, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती वडिलांच्याच संघात डाव्या कोपऱ्यात पकड करायची.

"यात विचार कसला करायचा?" ती म्हणाली. "पाच गेले. ऑपरेशन करायचं."

"मे महिन्यात राज्य स्पर्धा आहे," रणजित म्हणाले.

"पप्पा, तुम्हाला तो सामना महत्त्वाचा आहे? मी नाही?"

"सामन्यात तूच आहेस की." त्यांनी श्वास घेतला. "मला अक्षरं निवडून बोलता येईल, माहीत आहे. पण मैदानावर 'धर!' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते यंत्र 'ध'सुद्धा शोधणार नाही. त्यानंतर मी जगेन. नाही म्हणत नाही मी. पण माझ्याजवळ तीन महिने असतील आणि मी ते आधीच देऊन टाकले, असं नको व्हायला."

"आणि नसतील तर?"

"नसतील तर नसतील."

ईश्वरी आईकडे वळली. "तूच भरवलंस हे त्यांच्या डोक्यात. तुझ्या त्या फॅटच्या मशीननं." ती दार आपटून गेली आणि पंधरा दिवस सुवर्णाशी बोलली नाही.

संमतिपत्रकावर रणजितनी 'नाही' लिहिलं. दोन शब्दांच्या सहीला त्यांना चार मिनिटं लागली. सुवर्णाला वाटलं, आपण त्यांचा हात धरावा. पण कुठल्या बाजूला ओढण्यासाठी, ते तिला समजेना.

पाच मार्चला शाळेनं त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. मुख्याध्यापक म्हणाले, "सरांच्या आठवणी आम्ही जपून ठेवू." पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेल्या रणजितनी टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

तीन ते पंधरा मार्च, हे तेरा दिवस सुवर्णानं रजा काढली. दुपारी ते डुलकी घेत तेव्हा ती शेजारी बसून श्वास मोजायची. मिनिटाला अठरा. वीस. पुन्हा अठरा. नऊ तारखेला गल्लीत सकाळपासून माणसं उगाचच उभी होती. कुणी सायकल पुसत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. संध्याकाळी रणजितनी खुर्ची दारात आणायला सांगितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून आहे. जा घरी."

सोळा तारखेला मंडळाकडून संदेश आला. 'आपली कालमर्यादा संपली असून आपल्या नावे राखीव असलेले यंत्र पुढील रुग्णास वर्ग करण्यात आले आहे. फेरनोंदणीसाठी नवीन तारीख आवश्यक.' नवीन तारखेसाठी पुन्हा तीन तपासण्या लागणार होत्या. तीस मार्च, अकरा मे, बावीस जून. सुवर्णानं मंडळाला फोन लावला. तिकडची मुलगी नम्र होती. "मॅडम, सिस्टिम तारखेशिवाय नाव घेत नाही," ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

ते तीन महिने मात्र रणजितना मिळाले. नवीन प्रशिक्षक समजूतदार निघाला. तो रोज खुर्ची मैदानाकडेला लावून स्वतः मागे उभा राहायचा. रणजितचे शब्द आता चिखलातून पाय काढल्यासारखे यायचे. परक्या माणसाला ते कळत नसत, पोरींना कळत. मेमध्ये उपांत्य सामना दोन गुणांनी हरल्यावर त्यांनी सगळ्या संघाला अर्धा तास झापलं आणि मध्येच हसायला लागले. मग ईश्वरीही हसली. त्या दिवशी परतताना गाडीत ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. सुवर्णाला वाटलं, आपण बरोबर केलं.

चौदा जूनला, सोमवारी सकाळी आठ वाजता, चहाचा पहिला घोट घेतल्यावर रणजितनी कप खाली ठेवायची खूण केली. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. त्यांना काही म्हणायचं होतं, पण शब्दापुरती हवा आत येत नव्हती.

तालुक्याचा दवाखाना वीस मिनिटांवर होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं तोंडातून नळी घातली, तिला रबरी पिशवी जोडली आणि दाबायला सुरुवात केली. छाती वर आली. कोपऱ्यात श्वासाचं यंत्र उभं होतं, नवंकोरं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"ते लावा ना," ईश्वरी म्हणाली.

"ते राखीव आहे. सतरा तारखेच्या पेशंटसाठी." तरीही त्यानं प्लास्टिक फाडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला, रुग्णाची तारीख? त्यानं नऊ मार्च टाकली. 'मुदतबाह्य.' त्यानं आजची तारीख टाकली. 'नोंद आढळली नाही.' त्यानं यंत्राला मागून हात घातला, तारा बघितल्या आणि शिवी हासडली.

"कोल्हापूरला नेऊया," सुवर्णा म्हणाली.

"रस्त्यात नळी हलली तर संपलं. मी फोन लावतो. तोवर पिशवी दाबत राहायची. पाच सेकंदांनी एकदा. थांबायचं नाही."

पहिला तास ईश्वरीनं दाबली, दुसरा सुवर्णानं. दहाच्या सुमाराला संघातल्या पोरी दुचाक्यांवरून आल्या. डॉक्टरनं एकीला दाखवलं, तिनं दुसरीला. खेळात पकड करताना त्या एकमेकींचे हात साखळीसारखे धरत. तशाच खाटेभोवती उभ्या राहून, एकीचं मनगट भरून आलं की दुसरी तिच्या हाताखालून हात घालायची. एकही दाब चुकला नाही. रणजितचे डोळे उघडे होते. ते एकेकीकडे बघत होते.

जवळजवळ नऊ तास असे गेले. डॉक्टरच्या फोनला मंडळाकडून दर वेळी तेच उत्तर येत होतं, तारखेशिवाय यंत्राचं कुलूप उघडत नाही. शेवटी निरोप पोचल्यावर, पाचच्या सुमाराला, डॉ. मुजावर स्वतः गाडी चालवत आल्या. वरच्या कुणाचीही परवानगी न घेता त्यांनी आपल्या नावानं यंत्राचं कुलूप उघडलं. तिथंच, घाईत, गळ्याला छेद दिला गेला.

चौथ्या दिवशी रणजितसमोर अक्षरांचा पडदा लावला. सुवर्णा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, चुकलं का आपलं?" त्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटले. दमले म्हणून मिटले की ते उत्तर होतं, हे तिला कळलं नाही. पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही. फुप्फुसांत जंतू पसरले. पंचवीस जूनला ते गेले.

ऑगस्टमध्ये सुवर्णा केंद्रात गेली. तिला फक्त एक नोंद बघायची होती. डॉ. मुजावर यांना आता रुग्ण तपासायला मनाई होती. चौकशी चालू होती. त्यांनी संगणकावर नाव शोधून पडदा तिच्याकडे फिरवला.

'चौगुले रणजित. वगळले. कारण: असहकार.'

"वगळले म्हणजे?"

"तुमच्या घरातली तारीख बरोबर आली की चुकली, यातलं काहीच मोजलं गेलेलं नाही. अचूकता अठ्ठ्याण्णवच आहे."

"मग चुकली म्हणून तरी मोजा. ते सत्त्याण्णव दिवस जगले."

"त्याला रकाना नाही, ताई. मी तीनदा लिहून कळवलं." त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षीपासून हृदयासाठी अशीच प्रणाली येतेय. मग मूत्रपिंडासाठी. निरोगी माणसांसाठीसुद्धा."

सुवर्णा बाहेर आली. बाकावर तिशीतली एक बाई बसली होती. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिचा नवरा, मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर उलटे पडलेले. बाईच्या हातात संमतिपत्रक होतं. कोपरे चुरगळलेले होते. बहुतेक बरेच दिवस ती ते बरोबर घेऊन फिरत असावी. सुवर्णाला डॉक्टरांच्या खोलीतून येताना बघून ती उठली.

"ताई, तुमच्या घरी कुणाला होतं का हे?"

"मिस्टरांना."

"त्यांची तारीख बरोबर आली का हो? खरं सांगा. इथं कुणी खरं सांगत नाही."

सुवर्णानं त्या माणसाकडे बघितलं. तो तिच्याचकडे बघत होता. खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. सगळं सांगायचं, पहिल्यापासून.

"सत्त्याण्णव दिवसांनी चुकली," ती म्हणाली.

बाईचा चेहरा उजळला. इतका, की सुवर्णाला पुढचं वाक्य जुळवायला एक क्षण लागला. तेवढ्यात बाईनं संमतिपत्रक चार घड्या घालून पर्समध्ये कोंबलं, नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि खुर्ची फिरवली.

"थांबा, अहो, ऐकून तरी घ्या," सुवर्णा म्हणाली. "पुढं काय झालं ते..."

पण बाई तोवर लिफ्टपाशी पोचली होती. तिनं वळून दोन्ही हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. दार बंद झालं. सुवर्णा जिन्यानं धावत खाली आली तेव्हा फाटकासमोर तीन-चार गाड्या निघत होत्या. त्यांतल्या कुठल्या गाडीला हाक मारावी ते तिला कळेना. आणि त्या बाईचं नावही तिला माहीत नव्हतं.